वर्गाध्यापनात समाजमाध्यमे व ऑनलाइन साधनांचा वापर

वर्गाध्यापनात समाजमाध्यमे व ऑनलाइन साधनांचा वापर म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब, विकी, ब्लॉग, ऑनलाइन प्रश्नमंजूषा, आभासी वर्ग यांसारख्या महाजालावरील सोयींचा उपयोग शिक्षकाने अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी सांगड घालून, वर्गातील किंवा वर्गाला जोडून होणाऱ्या अध्यापनासाठी करणे होय. संपूर्ण दूरशिक्षणापेक्षा ही पद्धत वेगळी आहे. दूरशिक्षणात साधन वर्गाची जागा घेते, तर येथे प्रत्यक्ष वर्ग कायम राहून साधन त्याला पूरक ठरते. प्रत्यक्ष व ऑनलाइन अध्यापनाच्या नियोजनबद्ध मिश्रणाला मिश्र अध्ययन असे म्हणतात.

समाजमाध्यमांचा केवळ पाठ्यसाहित्य पोहोचवण्यासाठी होणारा वापर आणि विद्यार्थ्यांना लिहिते, विचारते व तपासते करण्यासाठी होणारा वापर यांत शिक्षणशास्त्र फरक करते. पहिल्या प्रकारात माध्यम टपालाचे काम करते, तर दुसऱ्यात ते अध्ययनाचा भाग बनते. अध्ययनावर होणारा परिणाम बहुतांशी या फरकावर अवलंबून असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याचा आरंभीचा मोठा प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ या प्रणालीच्या रूपाने सुरू झाला. या प्रणालीवर १९७३ मध्ये संदेशफलक व एकाच वेळी अनेकांना संवाद साधता येईल अशी सोय निर्माण झाली. ऑनलाइन चर्चागटांचे मूळ अशा प्रकारे एका शैक्षणिक प्रणालीतही सापडते.

भारतात संगणकाआधी दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. १९७५-७६ या वर्षात ‘साइट’ या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचवण्यात आले. १९८४ मध्ये शालेय संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, तर २० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. या प्रयत्नांत माहितीचा प्रवाह मुख्यतः केंद्राकडून वर्गाकडे होता.

वाचकालाच लेखक होता येईल अशी संकेतस्थळे २००० नंतरच्या दशकात रूढ झाली. विकिपीडिया (२००१), फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६) व व्हॉट्सॲप (२००९) ही त्यांतील प्रमुख होत. मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी झाली. याच काळात खास शिक्षणासाठीच्या प्रणालीही पुढे आल्या. ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली २००२ मध्ये, तर ‘गुगल क्लासरूम’ २०१४ मध्ये उपलब्ध झाली.

सैद्धान्तिक आधार

समाजमाध्यमांच्या शैक्षणिक वापराचे समर्थन प्रामुख्याने सामाजिक रचनावादातून केले जाते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोट्स्की यांच्या मते मूल अधिक जाणत्या व्यक्तीच्या मदतीने जे करू शकते, ते पुढे स्वतंत्रपणे करू लागते. ज्ञान हे संवादातून घडते, ही त्यामागील धारणा आहे. गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी २००० साली मांडलेल्या ‘चौकस समुदाय’ या प्रारूपानुसार ऑनलाइन अध्ययनात तीन प्रकारची उपस्थिती आवश्यक असते: सहाध्यायींची सामाजिक उपस्थिती, आशयाची बौद्धिक उपस्थिती आणि शिक्षकाची अध्यापकीय उपस्थिती. यांपैकी तिसरी नसल्यास गटात संवाद होतो, पण अध्ययन होईलच असे नाही.

पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये शिक्षकाच्या ज्ञानाचे एक प्रारूप मांडले. विषयाचे ज्ञान, अध्यापनशास्त्राचे ज्ञान व तंत्रज्ञानाचे ज्ञान ही तीन वर्तुळे एकमेकांना जेथे छेदतात, तेथे साधनाचा अर्थपूर्ण वापर होतो, असे हे प्रारूप सांगते. ॲप हाताळता येणे म्हणजे त्याद्वारे शिकवता येणे नव्हे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

साधनांचे प्रकार व वर्गातील उपयोग

संदेशगट: व्हॉट्सॲप व टेलिग्रामवरील गट भारतातील शाळांत मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. गृहपाठ व सूचना कळवणे, वाचनाचे ध्वनिमुद्रण मागवणे, वहीच्या पानांची छायाचित्रे तपासणे यांसाठी ते उपयोगी पडतात. संदेश वेगाने वर सरकत गेल्याने जुनी चर्चा शोधणे कठीण होते. त्यामुळे दीर्घ चर्चेसाठी हे माध्यम अपुरे पडते.

ध्वनिचित्रफिती: एखादा भाग थांबवून पुन्हा पाहता येणे हा चित्रफितीचा मुख्य गुण आहे. अमेरिकेतील जोनाथन बर्गमन व ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ च्या सुमारास पाठाच्या चित्रफिती घरी पाहण्यास देऊन वर्गातील वेळ उदाहरणे व प्रयोग यांसाठी राखून ठेवला. ही पद्धत ‘उलटा वर्ग’ या नावाने ओळखली जाते. घरी चित्रफीत पाहण्याची सोय प्रत्येक विद्यार्थ्याकडे असणे ही तिची पूर्वअट आहे.

प्रश्नमंजूषा: गुगल फॉर्म, कहूट यांसारख्या साधनांनी छोट्या चाचण्या घेऊन निकाल लगेच पाहता येतो. रोडिगर व कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत सरस कामगिरी केली. एका आठवड्यानंतर मात्र वाचलेले आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले. छोट्या चाचण्यांचे मूल्य गुण देण्यापेक्षा अशा स्मरणसरावात अधिक आहे.

सहलेखन: सामायिक दस्तऐवज, विकी व ब्लॉग यांत अनेक विद्यार्थी एकाच मजकुरावर काम करतात. कोणी काय बदलले याचा इतिहास साठवला जात असल्याने शिक्षकाला अंतिम उत्तरासोबत ते घडण्याची प्रक्रियाही पाहता येते.

शाळांमधील सहकार्य: दोन ठिकाणचे विद्यार्थी आपापली निरीक्षणे एकत्र करू शकतात. उदाहरणार्थ, कोकणातील व माणदेशातील दोन शाळांनी बाटलीपासून पर्जन्यमापक बनवून जून ते सप्टेंबर दररोजच्या पावसाची नोंद एका सामायिक तक्त्यात केल्यास, पर्जन्यछायेचा प्रदेश ही पाठ्यपुस्तकातील संकल्पना विद्यार्थ्यांना स्वतः गोळा केलेल्या आकड्यांतून दिसते. अशा उपक्रमासाठी प्रत्येक शाळेत शिक्षकाचा एक स्मार्टफोन पुरेसा होतो.

भारतातील व महाराष्ट्रातील वापर

केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये, तर ‘दीक्षा’ हे शालेय शिक्षणाचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू केले. २९ जुलै २०२० रोजी मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तंत्रज्ञानाच्या वापरावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात.

दीक्षा व्यासपीठाचा पाठ्यपुस्तकांशी असलेला दुवा म्हणजे पानावर छापलेला क्यूआर कोड. हे चिन्ह १९९४ मध्ये जपानमध्ये विकसित झाले. पाठ्यपुस्तकातील कोडमध्ये चित्रफीत साठवलेली नसून केवळ तिचा पत्ता असतो. त्यामुळे पुस्तक पुन्हा न छापता त्यामागील आशय बदलता येतो. मात्र तो पाहण्यासाठी इंटरनेटची जोडणी किंवा आधी उतरवून घेतलेली प्रत लागते.

पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या वापराशी सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जोडलेले आहे. कविता, गोष्टी व स्वाध्याय यांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग त्यांनी आपल्या शाळेत केला आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोडचा समावेश झाला. व्हिडिओ कॉलद्वारे इतर देशांतील वर्गांना आभासी सहली घडवण्याचे उपक्रमही त्यांनी राबवले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख अमेरिकी डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय शिक्षक होत. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

कोविड-१९ काळातील अनुभव

२०२० मध्ये महामारीमुळे जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडला. महाराष्ट्रात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला व्हॉट्सॲपद्वारे शिक्षक व पालकांपर्यंत पोहोचवली. त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर साप्ताहिक प्रश्न सोडवण्याचा ‘स्वाध्याय’ हा उपक्रम सुरू झाला. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका जुलै २०२० पासून प्रसारित करण्यात आली.

ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार, घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. तथापि सप्टेंबर २०२० मधील पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून कोणतेही अध्ययन साहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच होते. घरात फोन असणे, तो मुलाच्या हाती येणे आणि त्यावर शाळेचा अभ्यास पोहोचणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे या आकड्यांवरून दिसते. घरातील एकमेव फोन कमावत्या व्यक्तीसोबत दिवसभर बाहेर असल्यास मुलाच्या अभ्यासासाठी त्याचा उपयोग होत नाही.

पुण्यातील विकिपीडिया प्रकल्प

समाजमाध्यमाला गृहपाठाचे स्वरूप देण्यातील संधी व धोके दाखवणारे एक उदाहरण पुण्यात घडले. विकिमीडिया फाउंडेशनने २०११ मध्ये ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्राम’ हा पथदर्शी प्रकल्प पुण्यातील महाविद्यालयांत सुरू केला. अभियांत्रिकी महाविद्यालय पुणे (सीओईपी) व सिंबायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांचा त्यात सहभाग होता. विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमातील विषयांवर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावेत, अशी त्याची योजना होती. परीक्षकाच्या कपाटात पडून राहणाऱ्या निबंधाऐवजी जगाला उपयोगी पडणारे लेखन घडावे, हा हेतू होता.

प्रत्यक्षात अनेक विद्यार्थ्यांनी पुस्तके व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवला. विकिपीडियावरील लेखन मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होत असल्याने उचललेला मजकूर हा प्रताधिकाराचा भंग ठरतो. असा मजकूर शोधून काढून टाकण्याचे काम जगभरातील स्वयंसेवक संपादकांवर पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रकल्प थांबवण्यात आला. मोठी विद्यार्थिसंख्या, तुलनेने अपुरे मार्गदर्शन आणि स्वतःच्या शब्दांत लिहिण्याच्या सरावाचा अभाव ही त्यामागील महत्त्वाची कारणे होती.

वर्गातील वहीत झालेली नक्कल शिक्षकापुरती राहते. सार्वजनिक माध्यमातील नक्कल मात्र अनोळखी वाचकांपर्यंत पोहोचते आणि ती निस्तरण्याचा भार इतरांवर पडतो. त्यामुळे विद्यार्थ्यांचे लेखन आधी बंद गटात किंवा धूळपाटीवर तपासून मगच सार्वजनिक करावे, हे तत्त्व पुढे अशा उपक्रमांत महत्त्वाचे मानले गेले.

परिणामांविषयीचे संशोधन

समाजमाध्यमांच्या वापराने शिकणे सुधारते का, या प्रश्नाचे एकच उत्तर संशोधनातून मिळत नाही. रे जुंको व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील १२५ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक सत्रभर पाहणी करण्यात आली. शैक्षणिक चर्चेसाठी ट्विटर वापरणाऱ्या गटाचा अभ्यासातील सहभाग व गुण दोन्ही अधिक आढळले. २०१३ मधील पुढील अभ्यासातून मात्र असे दिसले की शिक्षक स्वतः चर्चेत सहभागी असतील आणि माध्यम अभ्यासक्रमात गुंफलेले असेल, तरच असा लाभ होतो.

याउलट, कॅनडातील सना, वेस्टन व सेपेडा यांच्या २०१३ मधील प्रयोगात व्याख्यानाच्या वेळी लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकलन कमी आढळले. त्यांचा पडदा ज्यांच्या नजरेच्या टप्प्यात होता, त्या शेजाऱ्यांचे आकलनही घटले. विचलन हा केवळ वैयक्तिक शिस्तीचा प्रश्न नसून त्याचा परिणाम संपूर्ण वर्गावर होतो, हे या प्रयोगाचे महत्त्व आहे.

‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीआधीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी त्याचा शिक्षणासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापर केला होता.

मर्यादा व आक्षेप

विषमता: ‘असर २०२३’ अहवालात १४ ते १८ वयोगटातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्के, तर मुलींपैकी केवळ १९.८ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग केवळ ऑनलाइन ठेवल्यास त्याचा तोटा मुलींना व गरीब कुटुंबांना अधिक होतो. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वसतिगृहातील मोबाइलबंदीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मत नोंदवले.

माहितीची सत्यता: समाजमाध्यमांवरील मजकूर प्रसिद्धीपूर्वी तपासला जातोच असे नाही. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा समाजमाध्यमांतून पसरल्यानंतर १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने भटक्या समाजातील पाच जणांची हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा आणण्याची घोषणा केली. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तो तपासण्याचे शिक्षण नागरिकशास्त्राचा भाग असावे, या मागणीला अशा घटनांनी बळ मिळाले. अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांच्या संशोधनात असे आढळले की व्यावसायिक तथ्यतपासनीस एकाच संकेतस्थळावर रेंगाळत नाहीत. त्या स्थळाविषयी इतरत्र काय म्हटले आहे, हे ते आधी पाहतात. ही सवय वर्गात शिकवता येते.

भाषा व सुलभता: जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मराठी मजकूर शोधता येत नाही आणि दुसऱ्या उपकरणावर अनेकदा वाचताही येत नाही. चित्ररूपातील मजकूर दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या स्क्रीन रीडरला वाचून दाखवता येत नाही. युनिकोडमधील मजकूर व चित्रफितींना उपशीर्षके देणे हे त्यावरील उपाय आहेत.

शिक्षकांवरील भार: संदेशगटामुळे शाळेची वेळ संपल्यानंतरही पालक व विद्यार्थी उत्तराची अपेक्षा करतात. गटावर मजकूर टाकण्याची वेळ व हेतू आधी ठरवणे, तसेच केवळ सूचनांसाठी वेगळा गट ठेवणे, असे उपाय योजले जातात.

मोबाइलबंदी: फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने प्राथमिक व माध्यमिक शाळांत मोबाइल वापरण्यास मनाई केली. ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. युनेस्कोच्या २०२३ मधील जागतिक शिक्षण अहवालाने तंत्रज्ञान विद्यार्थ्याच्या हितासाठी असावे आणि त्याने शिक्षकाशी होणाऱ्या प्रत्यक्ष संवादाची जागा घेऊ नये, अशी भूमिका मांडली.

कायदेशीर बाबी

अनेक प्रमुख समाजमाध्यमांवर खाते उघडण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. त्यामुळे प्राथमिक शाळेतील गट हे सामान्यतः पालकांच्या क्रमांकावर तयार केले जातात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. बालकाच्या वैयक्तिक माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरते, तसेच बालकांचा माग ठेवणे व त्यांना उद्देशून जाहिराती करणे यांवर निर्बंध आहेत. काही बाबतींत या तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार शासनाकडे आहे. विद्यार्थ्यांची छायाचित्रे, गुणपत्रके किंवा दूरध्वनी क्रमांक गटावर टाकताना या तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. ही सूट अध्यापनासाठी आहे. तीच सामग्री सर्वांसाठी खुल्या वाहिनीवर ठेवणे ही वेगळी बाब ठरते. क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या मुक्त परवान्यांखालील साहित्य वापरल्यास ही अडचण बरीच कमी होते, मात्र परवान्याच्या अटीनुसार मूळ लेखकाचा उल्लेख करावा लागतो.

वापराचे नियोजन

शिक्षणशास्त्रात साधनाची निवड ही नियोजनाची शेवटची पायरी मानली जाते. पाठाअखेर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, त्यासाठी तो कोणती कृती करील आणि ती कृती फळा, वही किंवा प्रत्यक्ष चर्चा यांनी होऊ शकते का, हे प्रश्न त्याआधी येतात. ऑनलाइन साधन निवडल्यास जोडणी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी समतुल्य पर्याय, मजकूर पाहू शकणाऱ्यांची मर्यादा, शिक्षकाच्या प्रतिसादाची वेळ आणि उपक्रम संपल्यावर विद्यार्थ्यांच्या माहितीचे काय करायचे, या बाबी आधी ठरवल्या जातात.

बाहेरील सेवा कायम उपलब्ध राहील याची खात्री नसते, हाही नियोजनाचा मुद्दा आहे. २००८ मध्ये सुरू झालेले आणि अनेक देशांतील शाळांत वापरले गेलेले ‘एडमोडो’ हे शैक्षणिक समाजमाध्यम सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले. विद्यार्थ्यांचे काम शाळेच्या संग्रहीही जतन करणे आणि खुल्या स्वरूपातील धारिका वापरणे यांमुळे अशा प्रसंगी होणारे नुकसान टाळता येते.